वहिनीचा उजवा पाय

आमच्या वहिनीचा उजवा पाय स्वस्थ असलेला मी कधी पाहिला नव्हता. बावीस वर्षं ती ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवत होती. तिथल्या गाडीला दोन ब्रेक असतात, एक शिकणाऱ्याच्या पायाशी आणि एक शिकवणाऱ्याच्या. वहिनीचा पाय आपल्या ब्रेकच्या दोन बोटं वर कायम तरंगत असायचा. शिकणारा दचकेपर्यंत गाडी थांबलेली असायची. ही सवय घरी आल्यावरही सुटत नसे. दादा गरम पातेलं घेऊन वळला, की ओट्यापाशी उभ्या वहिनीचा पाय फरशीवर दाबला जायचा. टीव्हीवर कुणी गाडी सुसाट सोडली, की सोफ्यासमोरच्या गालिच्यावर. तिथे गालिच्याला चक्क टक्कल पडलं होतं.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. तो लिफ्ट दुरुस्त करतो. मी त्यांच्याच इमारतीत एक मजला वर राहते आणि इस्पितळात एक्स-रे काढते. दिवसभर लोकांना "श्वास रोखा, हलू नका" एवढंच बोलायचं असतं, त्यामुळे घरी आल्यावर मी सगळी कसर भरून काढते. वहिनीला ते चालतं. नणंद-भावजयीचं पटतं यावर लोकांचा विश्वास बसत नाही, तो त्यांचा प्रश्न.

दादा गाडी चालवायला बसला आणि वहिनी शेजारी, की मात्र ऐकवत नसे. "आरसा बघा. अहो, डावीकडे सायकल. सावकाश. अहो, सावकाश म्हटलं ना!" दादा अवाक्षर काढायचा नाही. दहा मजल्यांच्या पोकळीत दोरावर लटकून काम करणारा हा माणूस, बायको शेजारी बसली की कानापर्यंत लाल व्हायचा. पण वहिनीच्या गाडीला बावीस वर्षांत साधा ओरखडा नव्हता, आणि या एका गोष्टीपुढे तिला कुणाचंच ऐकायची गरज वाटत नव्हती. तिच्या जागी मी असते तर मीही ऐकलं नसतं.

तीन वर्षांपूर्वी दादा दर गुरुवारी उशिरा यायला लागला. "काम वाढलंय," म्हणायचा. पण कामावरून येणाऱ्या माणसाला ग्रीसचा वास येतो, याला साबणाचा यायला लागला. वहिनीच्या मनात पाल चुकचुकली. तिने मला बघायला पाठवलं. स्वतः गेली असती तर तिचा आब गेला असता. माझं काय, मी नणंद, नाक खुपसायचा मला जन्मसिद्ध अधिकार.

मी त्याच्या मागोमाग चपलांच्या एका दुकानावरच्या पहिल्या मजल्यावर गेले. लांबोडकी खोली, लाकडी जमीन, एका भिंतीला आरसे. आणि माझा भाऊ एका बाईच्या मिठीत. बाई सत्तरीच्या, त्याच्यापेक्षा वीतभर उंच, आणि दादाचा चेहरा दाताच्या डॉक्टरच्या खुर्चीत बसल्यासारखा. कोपऱ्यातल्या स्पीकरमधून भात्याच्या कुठल्याशा वाद्याचा रडवेला सूर येत होता, आणि ती दोघं एकेक पाऊल टाकत चालली होती. मी घरी येऊन सांगितलं, "वहिनी, मिठीत आहे. पण काळजी करू नकोस, सत्तरीची आहे."

दादाला कबूल करावंच लागलं. त्या इमारतीची लिफ्ट दुरुस्त करायला गेला असताना त्याने दारातून हा नाच पाहिला होता. टँगो म्हणतात त्याला. "दोन माणसं एकत्र चालत होती," तो म्हणाला, "आणि कुणी कुणाला काही सांगत नव्हतं. ते कसं जमतं ते मला बघायचं होतं." वहिनीला हे वाक्य जिथे लागायचं तिथे बरोबर लागलं. ती रात्री जेवली नाही. पुढच्या गुरुवारी मात्र साडेपाचलाच तयार होऊन दारात उभी. म्हणाली, "चला. मीही येते."

मीही गेले. मला जोडीदार नव्हता, पण करमणूक कोण सोडतो? मी बाकावर सगळ्यांच्या कोटांची राखण करत बसायचे. शिकवणाऱ्या बाईंना तिथे सगळे नुसतं "बाई" म्हणत. त्यांचं सांगणं सोपं होतं. एकाने चाल ठरवायची, दुसऱ्याने ती छातीशी ओळखायची आणि मगच पाऊल टाकायचं. बोलायचं नाही, ओढायचं नाही. ज्याला चाल मिळते त्याने सगळं वजन एका पायावर ठेवायचं, दुसरा पाय मोकळा सोडायचा आणि वाट बघायची. "पुढचं पाऊल तुम्हाला माहीत नाही," बाई म्हणायच्या. "माहीत आहे असं वाटलं, की चुकलात."

वहिनीला वाट बघणं ठाऊकच नव्हतं. पहिल्या दिवशी ती दादाच्या खांद्यावरून आरशात मागची जोडपी बघत राहिली. "अहो, डावीकडून निळा शर्ट येतोय. थांबा. जाऊ द्या त्यांना. हां, आता निघा." सगळी खोली हसायला लागली. दादाने पाऊल उचललं की वहिनीचा उजवा पाय खाली दाबला जायचा, आणि बहुतेक वेळा त्याखाली दादाचा अंगठा असायचा. महिनाभरात त्याचं नख काळंनिळं झालं. मी बाकावरून म्हटलं, "नाचता येईना, अंगण वाकडं!" वहिनी तिथूनच ओरडली, "अंगण सरळ आहे गं, नवरा वाकडा चालतोय!"

बाईंनी एकदा तिला विचारलं, "तुम्ही काम काय करता?" वहिनीने सांगितलं. बाई क्षणभर तिच्या पायाकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "म्हणजे तुमचं पोट ज्यावर चालतं, तेच मी तुम्हाला इथे विसरायला सांगतेय. विचार करून या." आम्ही तिघंही हसलो. त्यात विचार करण्यासारखं काय होतं? नाच तो नाच, काम ते काम.

आठ महिने लागले. आठ महिने वहिनी चिडायची, दादाला बोलायची, बाईंना उलट उत्तरं द्यायची, आणि दर गुरुवारी न चुकता जायची. मग एका गुरुवारी मी कोट घडी घालत होते, सहज वर बघितलं, तर वहिनी गप्प होती. डोळे मिटलेले. दादा मध्येच थांबला. एरवी अशा वेळी तिने दोन पावलं आधीच टाकून दिलेली असायची. आज ती थांबली. एका पायावर उभी राहिली, उजवा पाय हलकेच जमिनीला टेकलेला, घाई नाही, काही नाही. दादाने श्वास घेतला आणि वळला, तशी तीही वळली. गाणं संपल्यावर ती माझ्याशेजारी येऊन बसली. म्हणाली, "तीन मिनिटं मी कुणालाच वाचवत नव्हते गं."

मला तिचा हेवा वाटला, लपवून काय करू? माझ्या लग्नाची सात वर्षं आणि नंतरचा एकटेपणा धरूनही मला अशी तीन मिनिटं मिळाली नव्हती.

त्यानंतर त्या दोघांना नाचाचं वेडच लागलं. गुरुवारी वर्ग, रविवारी संध्याकाळी नाच. तिथे नाचायला बोलवायला कुणी उठून येत नाही. खोलीच्या या टोकाकडून त्या टोकाकडे नुसतं बघायचं, समोरच्याने मान हलवली की झालं. वहिनी पन्नाशीत परक्या पुरुषांना नजरेने होकार-नकार द्यायला शिकली, आणि घरी येऊन कुणाला नकार दिला ते दादाला चवीने सांगायची. दोघं स्वयंपाकघर आणि न्हाणीघर यांच्यामधल्या बोळात सराव करायची. खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्याने काठीने छत ठोकलं तर त्याच ठेक्यावर दोन पावलं जास्त टाकायची. एकदा आम्ही तिघं गाडीने मावशीकडे गेलो. दादा चालवत होता. तासाभराने मागच्या सीटवरून मी वहिनीला काहीतरी विचारलं, उत्तर आलं नाही. ती झोपली होती. तोंड उघडं टाकून, पाय पसरून. दादाने आरशातून माझ्याकडे बघितलं आणि बोट ओठांवर ठेवलं. बावीस वर्षांत हे पहिल्यांदा घडत होतं. मला फार बरं वाटलं. काहीतरी चुकतंय असं माझ्या मनातही आलं नाही.

गेल्या वर्षी वहिनीकडे एक सुतार गाडी शिकायला यायचा. चाळिशीचा, कमी बोलणारा, हात रंधा मारल्यासारखे सरळ. वहिनी त्याचं कौतुक करून थकत नसे. "त्याला सांगावंच लागत नाही," म्हणायची. त्याचा एकतिसावा धडा होता. पुढच्या आठवड्यात परीक्षा. सकाळची वेळ, कोवळं ऊन समोरून काचेवर आलेलं. चौकात वळताना एक टपालवाली आपली पत्रांची ढकलगाडी घेऊन रस्ता ओलांडायला उतरली. सुताराच्या डोळ्यांवर ऊन होतं, त्याला ती दिसली नाही. वहिनीचा ब्रेक लागला, पण उशिरा.

टपालवालीला आमच्याच इस्पितळात आणलं. तिच्या पायाचा एक्स-रे मी काढला. घोटा दोन ठिकाणी मोडला होता आणि एक तुकडा सरकून आडवा पडला होता. मी तिला म्हटलं, "हलू नका," आणि ती दातओठ खाऊन खरंच हलली नाही. गाडी कुणाची होती, ते मला संध्याकाळी कळलं.

सगळे वहिनीच्या बाजूने होते. स्कूलचे मालक म्हणाले, ऊन होतं. सुतार बिचारा रडत म्हणाला, चूक माझी. दादा म्हणाला, बावीस वर्षांत एकदा होणारच. तिसऱ्या दिवशी वहिनी माझ्याकडे वर आली आणि माझ्या स्वयंपाकघरात उभ्या उभ्या म्हणाली, "मला दिसली होती ती."

"कोण?"

"टपालवाली. चांगली दिसली होती. निळी टोपी, ढकलगाडीचं एक चाक वाकडं. सगळं दिसलं, आणि मी वाट बघितली."

"कशाची वाट?"

"तो थांबण्याची. आता थांबेलच, असं वाटलं. माझा पाय खाली टेकलेला होता गं. निवांत."

मला तेव्हा रागच आला. मी म्हटलं, "उगाच नाही ते डोक्यात घेऊ नकोस. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली. नाचाचा आणि याचा काय संबंध?" ती म्हणाली, "मग बघूनच टाकू."

रविवारी सकाळी आम्ही स्कूलची गाडी घेऊन घाऊक बाजाराच्या मागे गेलो. सुट्टीच्या दिवशी तिथे चिटपाखरू नसतं. वहिनीने सगळं ठरवून आणलं होतं. एक रिकामं खोकं, त्याला दोरी. एकाने भिंतीआड उभं राहून ते अचानक गाडीसमोर ओढायचं. गाडी चालवणाऱ्याने ब्रेकला पाय लावायचा नाही, थांबवायचं वहिनीने.

आधी मी चालवली. दादाने सहा वेळा खोकं ओढलं, सहाही वेळा गाडी हातभर अलीकडे थांबली. माझं डोकं दोनदा काचेवर आपटता आपटता राहिलं. माझ्या चालवण्यावर तिचा काडीचाही विश्वास नाही, कधी नव्हता. मी विजयाने म्हटलं, "बघ! झालं समाधान?" ती म्हणाली, "आता हे चालवतील."

दादा बसला. मी दोरी धरली. पहिल्यांदा गाडी थांबली. दुसऱ्यांदा खोकं चाकाखाली गेलं. तो पुठ्ठा चिरडल्याचा आवाज मला आवडला नाही. वहिनी काच खाली करून म्हणाली, "पुन्हा." तिसऱ्यांदा थांबली, जेमतेम. चौथ्यांदा खोक्यावरून पुढचं चाक गेलं आणि मागचंही. वहिनीला ते येताना दिसत होतं. मी भिंतीआडून तिचे डोळे बघितले, उघडे होते. पाय मात्र आला नाही.

दादा उतरून खोक्याचे तुकडे गोळा करायला लागला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. पण मी त्याची बहीण आहे; त्या पांढऱ्याच्या खाली आणखी काहीतरी होतं, ते मला दिसलं आणि त्याचा भयंकर राग आला. इतक्या वर्षांच्या संसारानंतर त्याची बायको त्याच्या शेजारी इतकी निर्धास्त बसू शकत होती, आणि तो सुखावला होता. वहिनीनेही ते बघितलं. "खूश होऊ नका," ती म्हणाली, आणि फुटपाथवर बसून ढसाढसा रडली.

चौकशीच्या साहेबांना तिने खरं ते सांगितलं, की ब्रेकला उशीर माझ्याकडून झाला. साहेबांनी ऊन, वळण, शिकाऊ चालक असं सगळं लिहून घेतलं आणि ताकीद देऊन मोकळं केलं. महिनाभराने पत्र आलं, की सोमवारपासून कामावर यायला हरकत नाही. मालकांनी तिची गाडी धुऊन-पुसून ठेवली. म्हणजे जागा तिचीच होती, फक्त जाऊन बसायचं होतं. आणि नेमकं तेच तिला ठरवता येत नव्हतं. "आधी त्या टपालवालीला भेटून येते," ती म्हणाली. तिने मला सोबत घेतलं.

टपालवाली तिसऱ्या मजल्यावर राहत होती, जिना अरुंद. आमच्याच वयाची. पाय स्टुलावर, शेजारी काठी. तिला आता फिरायचं काम झेपणार नव्हतं. बसून पत्रं निवडायच्या खोलीत घालणार होते. तिने आम्हाला बसा म्हटलं, पण चहा विचारला नाही, आणि का विचारावा? वहिनीने तिला सगळं सांगितलं. सुतार, ऊन, मग नाच, बाई, वाट बघणं, खोकं. मी मध्ये दोनदा तिचा हात दाबला, की पुरे, पण ती थांबली नाही.

टपालवालीने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग विचारलं, "तुमचं लक्ष नव्हतं का?"

"होतं."

"घाबरून हातपाय गळाले?"

"नाही."

"मग झालं काय नेमकं?"

वहिनी म्हणाली, "मला बरं वाटत होतं."

टपालवाली आपल्या पायाकडे बघत राहिली. "मला वाटायचं, तुम्ही फोनवर बोलत असाल," ती म्हणाली. "इथे पडल्या पडल्या रोज शिव्या घालायचे मी त्या फोनला. ते सोपं होतं. आता कुणाला शिव्या घालू?" निघताना टपालवालीने आम्हाला पुन्हा येऊ नका असं शांतपणे सांगितलं.

जिना उतरताना वहिनी कठडा धरून मध्येच थांबली. "चूक झाली असती ना, तर सुधारली असती," ती म्हणाली. "महिनाभर घरात पाय ब्रेकवर धरल्यासारखा वर धरून बसायचा प्रयत्न करतेय मी. धरवत नाही. शेजारचा माणूस जरा बरा चालवतोय असं वाटलं, की तो आपोआप खाली टेकतो." मी तिला काय काय सांगितलं. कुणा डॉक्टरला दाखवू, सरावाने परत येईल, काळ जाऊ दे. ती ऐकत होती, पण तिचं ठरलं होतं. सोमवारी ती स्कूलमध्ये गेली आणि मालकांच्या टेबलावर गाडीची चावी ठेवून आली. मालकांनी फार विनवण्या केल्या, शेवटी फळ्यावर खुणा आणि नियम शिकवायचा वर्ग तिला दिला. तो तिने घेतला. बावीस वर्षं जिने चौकात माणसं वाचवली, ती आता खेळण्यातल्या गाड्या चुंबकाने फळ्यावर सरकवते. मी ते एकदा खिडकीतून बघितलं, बघवलं नाही, तेव्हापासून मी त्या रस्त्याने जात नाही.

दादाने नाच बंद केला. दोघांचे नाचाचे बूट त्याने कागदात गुंडाळून माळ्यावर टाकले, तिला न विचारता. पाच गुरुवार तसेच गेले. सहाव्या गुरुवारी मी खाली गेले होते, दादा टीव्हीसमोर बसला होता, टीव्ही बंद. वहिनी केस बांधून, पर्स घेऊन आतून बाहेर आली.

"अहो, बूट काढा."

"नको आता," दादा म्हणाला. "कोणत्या तोंडाने नाचायचं? मीच घेऊन गेलो तुला तिथे."

"तुम्ही नाही नेलं. मी तुमच्या पाळतीवर आले."

मी हसले नाही. दादाही नाही. तो म्हणाला, "त्या बाईचा पाय गेला. तुझी गाडी गेली. एवढं झाल्यावर पुन्हा तिथे जायचं, आणि पुन्हा तसंच बरं वाटलं तर?"

वहिनी त्याच्यासमोर उभी राहिली. तिचे डोळे भरले होते, आवाज मात्र गाडी शिकवतानाचा होता.

"वाटलं तर वाटू दे," ती म्हणाली. "तिथे कुणी रस्ता ओलांडत नसतं."

दादा उठला आणि माळ्यासाठी शिडी आणायला गेला.